सव्वा गुंठ्याचं मेंटेनन्स

आमच्या धंद्यात दोन प्रकारची माणसं असतात. डेव्हलपमेंटवाली आणि सपोर्टवाली. डेव्हलपमेंटवाले कॉलर ताठ करून फिरतात आणि सपोर्टवाले रात्री अडीचला फोन उचलतात. कुणाला मेंटेनन्स प्रोजेक्टवर टाकलं की तो आधी तोंड पाडतो, मग मॅनेजरशी वन-टू-वन मागतो आणि त्याच रात्री रेझ्युमे अपडेट करायला घेतो. मीही याच पंथातला :)

तर असा हा मी गेले अडीच महिने दर शनिवारी पहाटे (म्हणजे साडेनऊला. वीकेंडची पहाट तेव्हाच होते) उठतो, दोन स्वेटर, एक जॅकेट आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट चढवतो आणि मेंटेनन्सला जातो. फुकट. उलट जागेचं भाडं मीच भरतो. बायकोच्या मते मी कुरकुर न करता केलेला हा आयुष्यातला पहिलाच ओव्हरटाइम आहे.

जरा बैजवार सांगतो.

आम्ही इंग्लंडात राहतो, रेडिंग नावाच्या गावात. इथे घराच्या मागे परस असलाच तर तो चार टॉवेल वाळत घालण्याएवढा. ज्याला भाजी पिकवायची हौस आहे त्याच्यासाठी 'अलॉटमेंट' नावाची सोय असते. गावातल्या एखाद्या मोठ्या मोकळ्या जागेचे तुकडे पाडलेले असतात आणि कौन्सिल ते वर्षाच्या भाड्याने देतं. ही जुनी भानगड आहे. १९०८ च्या कायद्याने अशी जागा पुरवण्याची जबाबदारी कौन्सिलांवर टाकली, १९२२ च्या कायद्याने सांगितलं की इथे मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यापुरती भाजी-फळं पिकवायची. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारनेच लोकांच्या हातात फावडी दिली आणि घराघरातून बटाटे-कोबी पिकवून घेतले. आज बहुतेक ठिकाणी मोठी वेटिंग लिस्ट असते. माझा नंबर दीड वर्षाने लागला.

आता गंमत ऐका. हे तुकडे आजही 'रॉड'मध्ये मोजतात. पूर्ण प्लॉट म्हणजे दहा रॉड. मला वाटलं हे काहीतरी खास इंग्रजी झेंगट असणार. शोधलं तर एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. आणि आपला गुंठा किती? तेहतीस बाय तेहतीस! म्हणजे दोन रॉड बाय दोन रॉड. चार चौरस रॉडचा एक गुंठा, दहा रॉडचे बरोब्बर अडीच गुंठे. एकर त्यांचाच, सर्व्हेची साखळीही त्यांचीच, त्यामुळे हिशेब जुळणारच म्हणा. पण माझा अर्धा प्लॉट सव्वा गुंठा भरतो हे कळल्यावर मला जो काय आनंद झाला तो इथल्या कुणाला समजावून सांगणं अवघड आहे. मी ताबडतोब साताऱ्याला काकांना फोन लावला.

काका म्हणाले, "सव्वा गुंठा? म्हंजे आपल्या गोठ्याएवढं."

असो.

तर हिवाळ्यात या सव्वा गुंठ्यात काय करतात? थोडक्यात सांगायचं तर आवराआवर. नोव्हेंबर लागला की इथे दिवस आखडायला लागतो. डिसेंबरात जेमतेम आठ तासांचा दिवस, चार वाजता अंधार. काही पेरलं तरी वाढत नाही. म्हणून मग उन्हाळ्यातला पसारा काढायचा, रोगट ते फेकायचं, माती झाकायची, हत्यारं साफ करायची आणि वसंताची वाट बघायची. हे सगळं मी काकांना सांगितलं तर त्यांना पटेचना.

"थंडीत रान मोकळं सोडत्यात व्हय? मग खाता काय?"

त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे थंडी म्हणजे रब्बी. शाळू, हरभरा, गहू. मेथी, मटार, गाजर, सगळी भाजी थंडीतच खरी. डिसेंबरात जो शेतकरी रान मोकळं टाकून फावड्याला तेल लावत बसेल त्याला गावात वेड्यात काढतील. आपली आवराआवर होते ती उन्हाळ्यात. चैत्र-वैशाखात. पिकं निघाली की नांगरट, मग धसकटं वेचायची, काडीकचरा गोळा करायचा, बांध नीट करायचे, शेणखत ओढून टाकायचं आणि रान तापू द्यायचं. रोहिण्या निघायच्या आत हे सगळं उरकलेलं हवं.

आणि इथे मला एक गोष्ट क्लिक झाली. दोन्हीकडे काम एकच आहे, फक्त मजूर वेगळा. आपल्याकडे उलथलेली मोठमोठी ढेकळं ऊन तापवून ठेवतं आणि मग वळवाची एक सर आली की ती विरघळल्यासारखी फुटतात. इथे तेच काम बर्फ करतो. ढेकळातलं पाणी रात्री गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, ढेकूळ आतून तडकतं, सकाळी वितळतं, रात्री परत गोठतं. दोन महिने हा लूप चालला की मार्चमध्ये तीच चिकणमाती हाताने चुरता येते. आपल्याकडे नांगराच्या मागे बगळे हुमणी टिपत चालतात, इथे फोर्कने माती उचकटली की फूटभर अंतरावर रॉबिन येऊन बसतो आणि अळ्या उचलतो. इतका धीट की कधीकधी फोर्कच्या दांड्यावरच बसतो. बगळ्याच्या मानाने पगार कमी, पण कामाला चोख.

काकांना हे सांगितल्यावर मात्र ते गप्प झाले आणि म्हणाले, "म्हंजे तुमचा वैशाख थंड असतो."

यापेक्षा चांगली व्याख्या मला आजवर मिळालेली नाही.

*

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. पहिल्यांदा मला वाटलं होतं की आवरणं म्हणजे सगळं उपटायचं आणि जाळायचं. संध्याकाळपर्यंत मैदान साफ. तसं नसतं. प्रत्येक गोष्टीला वेगळा नियम आहे आणि प्रत्येक नियमामागे कारण आहे, हा भाग मला आमच्या जुन्या कोडबेसपेक्षा बराच सुखाचा वाटला.

घेवड्याचे वेल मांडवावरून काढायचे, पण मुळासकट उपटायचे नाहीत. जमिनीलगत कापायचे. मुळं आतच कुजतात, त्यांच्यावरच्या गाठींतला नत्र मातीला मिळतो आणि मुळांनी केलेल्या वाटा गांडुळांना आयत्या मिळतात.

बटाट्याचं नेमकं उलटं. एकही बटाटा मातीत राहता कामा नये. सुपारीएवढासुद्धा. कारण उशिरा येणारा करपा त्या जिवंत बटाट्यात थंडी काढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात आख्ख्या अलॉटमेंटला लागतो. १८४५ पासून आयर्लंडात जो भीषण दुष्काळ पडला तो याच रोगाने. त्यामुळे बटाट्याचा वाफा मी तीनदा चाळलाय, आणि तिसऱ्या वेळीही चार निघाले! टेस्टिंगवाल्या माझ्या मित्रांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

कोबीची मुळं उपटून नीट बघायची. वेड्यावाकड्या सुजलेल्या गाठी असतील तर ती कंपोस्टात टाकायची नाहीत, कारण त्या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गमबुटाला चिकटून एका वाफ्यातून दुसऱ्यात जातात. माझ्या सुदैवाने मुळं सरळ निघाली.

जाळायचा ढीग पेटवण्याआधी आतून तपासायचा. त्यात हेजहॉग झोपलेला असू शकतो. साळिंदरासारखे काटे, पण दोन ओंजळीत मावेल एवढा प्राणी. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तो पाल्यापाचोळ्यात निद्रिस्त असतो. इथे पाच नोव्हेंबरला गावोगाव होळ्या पेटतात, नेमक्या त्याच्या झोपायच्या वेळी. कुंपणाजवळच्या माझ्या लाकडांच्या ढिगात एक आहे असा मला दाट संशय आहे, म्हणून तो ढीग मी जसाच्या तसा ठेवलाय. थोडक्यात, सगळं चकाचक करणं म्हणजे आवरणं नव्हे. काय ठेवायचं हे कळणं जास्त महत्त्वाचं.

मग हत्यारं. फावडं, फोर्क, खुरपं. माती खरवडायची, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, धार लावायची आणि लाकडी दांड्यांना जवसाचं तेल चोळायचं. तोच वास हो, लहानपणी नवीन बॅटला तेल पाजायचो तो! शेडमध्ये बसून तेल चोळताना मी काही काळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओपनिंगला उतरलेलो असतो. (एक सूचना. या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. सपाट पसरून वाळवा.)

आणि सगळ्यात कठीण काम म्हणजे काही न करणं. पाऊस पडून गेल्यावर चिकणमातीत पाय ठेवायचा नाही, खणायचं तर नाहीच. ओल्या मातीवर चाललं की ती दाबून विटेसारखी होते. इथे म्हणतात, माती बुटाला चिकटत असेल तर घरी जा. आपल्याकडे यासाठी एक झकास शब्द आहे, वाफसा. पण इंग्लंडच्या जानेवारीत वाफसा येणं म्हणजे क्लायंटची रिक्वायरमेंट फ्रीझ होण्यासारखं आहे. ऐकून सगळे असतात :)

शेजारच्या प्लॉटवर एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. मी मनातल्या मनात त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा खणण्याच्या पंथातले. सोमरसेटमधले चार्ल्स डाउडिंग अनेक वर्षं सांगताहेत की माती मुळीच खणू नका, वरून कंपोस्टचा थर द्या, बाकीचं गांडुळं बघून घेतील. मी अर्धे वाफे खणले, अर्ध्यांवर कंपोस्ट आणि घोड्याची मुरलेली लीद पसरली. अण्णांना हे बावळटपणाचं वाटतं. पण लीद आणायला त्यांचीच ढकलगाडी मिळाली.

*

आता मूळ मुद्दा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला कळलं की प्रोजेक्ट मार्चअखेर बंद होतोय. काम दुसरीकडे हलवणार, आमची टीम पुण्याला परत. कुणाचा राग नाही, हे असंच चालतं. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे नोकरी निघाली की आम्हीही निघालो. बायकोने दुसऱ्या दिवसापासून कोणतं सामान न्यायचं आणि कोणतं विकायचं याची एक्सेल शीट सुरू केली. तिचा तो गुणच आहे.

त्या शीटमध्ये प्लॉट बसेना. तो विकता येत नाही, नेता येत नाही, आणि मित्राला देताही येत नाही. नियमाप्रमाणे तो लिस्टवरच्या पुढच्या माणसाला जातो. हा माणूस कोण, कसा, मला माहीत नाही.

ऑफिसमधल्या मित्राने सरळ सांगितलं, "सोड ना यार. नोटीस दे आणि मोकळा हो. चार महिन्यांसाठी कोण चिखलात मरतंय?"

त्याचं लॉजिक बिनचूक आहे. मी बसून हिशेबच केला. मार्चच्या आत मला काय मिळणार? लीक, केल, थोडे ब्रसेल्स स्प्राउट्स (कबुतरांनी जाळी फाडली नाही तर) आणि पार्सनिप. पार्सनिप म्हणजे पांढरट गाजराचा भाऊ. कडाक्याच्या थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून तो थंडी खाल्ल्यावरच काढायचा. आमच्याकडे त्याचा हलवा झालाय. बरा लागतो. यासाठी मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं जाऊन उपटायचं होतं.

बाकीची सगळी कामं मार्चनंतर फळणारी. करपा येणार तो जुलै-ऑगस्टमध्ये. लिदीचा फायदा उन्हाळ्यात. आणि पानांचं खत? त्याला दोन हिवाळे लागतात.

या पानांच्या खतावरच माझी गाडी अडली. मला प्लॉट मिळाला तेव्हा त्यावर गुडघाभर गवत होतं. पण एका कोपऱ्यात तारेच्या जाळीचा चौकोन होता आणि त्यात कमरेएवढा काळाभोर ढीग. वर एक फळी ठोकलेली, तिच्यावर पेन्सिलने एक साल लिहिलेलं. बाकी काही नाही. मी उकरून बघितलं तर आत भुसभुशीत, पावसाळ्यातल्या जंगलासारख्या वासाची मऊ माती. पानं कुजून झालेलं खत. माझ्या आधीच्या माणसाने झाडाखालची पानं पोत्यांनी वाहून आणून तिथे भरली होती आणि मग तो निघून गेला होता. त्याला जायचं आहे हे ती पानं भरताना त्याला माहीत होतं का, कुणास ठाऊक. पहिल्या वर्षी माझी गाजरं आली ती त्या ढिगाच्या जिवावर. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही. त्याचं नावही मला माहीत नाही.

इतक्या वर्षांत मला कुणाचं एवढं चांगलं केटी मिळालेलं नाही. दोनशे स्लाइड्सची प्रेझेंटेशन्स मिळालीत, तीन-तीन तासांची रेकॉर्डिंग्ज मिळालीत. ही नुसती फळी होती आणि तिच्यावर एक तारीख.

म्हणून मी लसूण लावला.

लसूण यासाठी की इथे तो नोव्हेंबरात लावतात आणि जुलैत काढतात. म्हणजे मला मिळायचा प्रश्नच नाही. लसणाची गंमत अशी की त्याला थंडी लागावीच लागते. थंडी मिळाली नाही तर पाकळ्या सुट्या होत नाहीत, नुसता गोल कांद्यासारखा गड्डा तयार होतो. थंडीत तो करत काहीच नाही, वरून बघितलं तर वाफा रिकामा दिसतो. पण तेव्हा जे होतं त्याच्यावरच पुढचं सगळं ठरतं. त्याच आठवड्यात काकांनीही लसूण लावला होता. त्यांचा मार्चपर्यंत निघेल, मी पोचेन तेव्हा ताजा लसूण मिळेल. माझा कोण खाणार ते माहीत नाही.

हे सगळं फार उदात्त वगैरे वाटत असेल तर थांबा. दर शनिवारी मला जावंसं वाटतं असं मुळीच नाही. बोटं बधिर होतात, नाक गळतं, आणि घरी रजई असते. दोनदा मी जाऊन नुसता शेडमध्ये बसून थर्मासमधला चहा पिऊन परत आलोय. अण्णांना मी एकदा विचारलं होतं. ते शतावरीच्या जातीच्या अ‍ॅस्परॅगसचा नवा वाफा तयार करत होते. मार्चमध्ये त्याचे कंद लावले की पहिली दोन वर्षं काहीच कापायचं नसतं, तिसऱ्या वर्षी खायला मिळतो. ऐंशीच्या पुढच्या माणसाने हे का करावं? मला वाटलं काहीतरी भारी ऐकायला मिळेल, निदान पोस्टला शेवट तरी मिळेल. अण्णा म्हणाले, "ती जागा रिकामी होती म्हणून."

बास. एवढंच. आणि परत खणायला लागले.

विचार केला तर मलाही याहून वेगळं काही म्हणायचं नाही. आम्ही सपोर्टला नाकं मुरडतो कारण तिथे आपलं असं काही दाखवता येत नाही. काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचं अप्रेझल कुणी लिहीत नाही. पुढच्या जुलैत इथल्या बटाट्यांना करपा आला नाही तर तो का आला नाही हे कुणालाही कळणार नाही. मलासुद्धा. तरी ते चार बटाटे मी काढले, हे मला माहीत आहे. पुण्याला गेल्यावर मेंटेनन्स मिळालं तर तोंड पाडणार नाही असं काही मी वचन देत नाही. पण आधीच्या माणसाने फळीवर काही लिहून ठेवलंय का, हे आधी बघेन एवढं नक्की.

तर पुढच्या माणसासाठी केटीचा ड्राफ्ट तयार आहे. शेडच्या दाराला आतून लावणार आहे:

१. कुलूप आधी आत ढकला, मग किल्ली फिरवा.

२. नळ थंडीत बंद असतो. तोवर पिंपातलं पावसाचं पाणी वापरा.

३. डावीकडचे दोन वाफे रिकामे नाहीत. लसूण आहे, ११० पाकळ्या. जुलैत खालची पानं पिवळी पडली की काढा.

४. मधल्या वाफ्यात मागच्या वर्षी कोबी, केल होते. यंदा तिथे दुसरं काहीतरी लावा.

५. उजवीकडच्या वाफ्यातून बटाटा उगवलेला दिसला तर दया दाखवू नका.

६. जाळीतली पानं: मागचा ढीग येत्या हिवाळ्यात तयार होईल, पुढचा त्याच्या पुढच्या. फळ्यांवर सालं लिहिली आहेत.

७. कुंपणाजवळच्या लाकडांना एप्रिलपर्यंत हात लावू नका. आत कुणीतरी झोपलेलं असण्याची शक्यता आहे.

अजून काही सुचलं तर वाढवीन. फोर्कच्या दांड्याला तेल लावायचं राहिलंय, ते या शनिवारी.